एक म्हणजे किती?

पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात एक लहानसं तबक असतं आणि त्यात पाच देव मांडलेले असतात. विष्णूचा शाळिग्राम, शंकराचा बाण, गणपतीचा तांबडा पाषाण, सूर्याचा स्फटिक आणि देवीचं प्रतीक. हे पंचायतन. ज्या घरी विष्णू आराध्य, तिथे शाळिग्राम मध्ये आणि बाकीचे चार कोपऱ्यांत. शेजारच्या घरी शंकर आराध्य असेल, तर बाण मध्ये येतो आणि शाळिग्राम कोपऱ्यात सरकतो. देव तेच पाच, मांडणी निराळी. दोन्ही घरचे लोक एकमेकांकडे तीर्थप्रसादाला जातात आणि कोणाला काही खटकत नाही.

अशा घरात एखाद्या पाहुण्याने विचारलं, 'तुमचे देव नक्की किती?' तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: 'देव एकच हो, नावं वेगवेगळी.' उत्तर समजूतदार आहे आणि वाद वाढू देत नाही. पण तर्काच्या अंगाने पाहिलं तर त्यात पाहुण्याचं म्हणणं आधीच मान्य करून टाकलेलं आहे. खरा देव एकच असायला हवा, हे गृहीत धरलं गेलं. अनेकपणा उरला तो फक्त नावांपुरता.

देव खरोखरच अनेक आहेत आणि तसं मानणं बुद्धीला धरून आहे, असं कोणी तत्त्वज्ञानाच्या भाषेत, समोरच्याचे आक्षेप अंगावर घेत मांडलं आहे का? मांडलं आहे. भूमध्य समुद्राच्या काठी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, ग्रीक-रोमन विचारवंतांनी ख्रिस्ती पंडितांशी वाद घालताना हे काम चिकाटीने केलं. त्यांचा युक्तिवाद एकदम तयार झाला नाही. एक मांडणी अपुरी पडली की दुसरी पुढे आली. ती कशी, हे एकेक पायरी उतरत पाहू.

आधी तीन उत्तरं वेगळी करू

'देव किती?' या प्रश्नाला अनेक देवांची पूजा करणारा माणूस तीन प्रकारे उत्तर देऊ शकतो. पहिलं, देव एक आणि नावं अनेक. दुसरं, देव पुष्कळ, पण वर एक मोठा आणि बाकीचे त्याच्या हाताखालचे. तिसरं, देव अनेक आणि त्यांपैकी प्रत्येक पुरता देव, कोणी कोणाचा अंश नाही की चाकर नाही.

हा घोळ आपल्याकडेही फार जुना आहे. यास्काच्या निरुक्ताच्या सातव्या अध्यायात याचीच चर्चा येते. एका पक्षाच्या मते देवता तीनच: पृथ्वीवर अग्नी, अंतरिक्षात वायू किंवा इंद्र, आणि द्युलोकात सूर्य. बाकीची नावं त्यांच्या निरनिराळ्या कामांवरून पडलेली. दुसरा पक्ष म्हणतो, स्तुती वेगळ्या आणि नावं वेगळी, तर देवताही वेगळ्या. यास्क दोहोंची सांगड घालायला माणसं आणि राष्ट्र यांचा दाखला देतो. माणसं अनेक, तरी राष्ट्र एक. हा दाखला लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच प्रश्न निराळ्या रूपात येणार आहे: राष्ट्र हे माणसांच्या शेजारी बसलेलं आणखी एक माणूस असतं का?

राजा आणि सुभेदार

इ.स. १७८च्या आसपास केल्सस नावाच्या ग्रीक विद्वानाने ख्रिस्ती मताविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ आज नाही. पण सुमारे सत्तर वर्षांनी, २४८च्या सुमारास, ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने आठ भागांत त्याचं खंडन केलं. खंडन करताना तो केल्ससचं म्हणणं तुकड्या-तुकड्याने उतरवून घेतो आणि मग उत्तर देतो. त्यामुळे प्रतिपक्षाचा ग्रंथ त्याच्या विरोधकानेच जपून ठेवला, असा प्रकार झाला.

केल्ससची मांडणी दरबारी आहे. बादशहाच्या सुभेदारांचा मान ठेवला तर बादशहाचा अपमान होत नाही, उलट मान ठेवला नाही तर होतो. तसंच परमदेवाने सूर्य, चंद्र, पाऊस, पिकं, नगरं ज्या देवांच्या हवाली केली त्यांची पूजा केली, तर त्याला राग येण्याचं कारण काय? दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे ख्रिस्ती वचन त्याला ठाऊक होतं. त्यावर तो म्हणतो की हे माणसांपुरतं खरं आहे. एका मालकाचा नोकर दुसऱ्याकडे राबला तर पहिल्याचं नुकसान होतं. देवाचं नुकसान कसं होणार? आणि ज्याचं नुकसान होऊच शकत नाही, तो मत्सर कशासाठी करील?

यावर ओरिजेनचं उत्तर दुहेरी आहे. देवाचे खरे सेवक, म्हणजे देवदूत, स्वतःची पूजा मागतच नाहीत. आणि जे मागतात, ते सुभेदार कशावरून? बंडखोरही असू शकतील.

केल्ससच्या मांडणीत खरी फट मात्र दुसरीकडे आहे. राजा वर आणि सुभेदार खाली, हे एकदा कबूल केलं की सुभेदारांना 'देव' म्हणायचं की आणखी काही, एवढाच वाद शिल्लक राहतो. पाचव्या शतकात ऑगस्टीन या ख्रिस्ती पंडिताने नेमकं इथेच बोट ठेवलं. प्लेटोच्या अनुयायांनी देवदूतांनाच देव म्हणायचं ठरवलं असेल, तर शब्दावरून भांडण्यात अर्थ नाही, असं तो म्हणतो. दरबाराच्या दाखल्याने अनेकांच्या पूजेचं समर्थन होतं, पण अनेक *देवांचं* होत नाही.

गावोगावचे स्वभाव

पुढची मांडणी एका बादशहाची आहे. ज्युलियनचं बालपण ख्रिस्ती शिकवणुकीत गेलं. ३६१ मध्ये तो रोमन साम्राज्याचा सर्वसत्ताधीश झाला आणि त्याने जुन्या देवांची बाजू उघडपणे घेतली. ३६२-६३च्या हिवाळ्यात अँटिओक शहरात मुक्काम असताना त्याने ख्रिस्ती मताविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि पुढच्याच उन्हाळ्यात इराणवरच्या मोहिमेत तो मारला गेला. त्याच्या ग्रंथाचीही तीच गत झाली. आज त्यातलं जे वाचायला मिळतं, ते प्रामुख्याने अलेक्झांड्रियाच्या सिरिलने पुढच्या शतकात लिहिलेल्या खंडनातून.

ज्युलियन विविधतेपासून सुरुवात करतो. माणसांचे कायदे, चालीरीती, स्वभाव, कसब इतकं वेगवेगळं का? एकाच देवाने सगळं थेट घडवलं असेल तर या वेगळेपणाचा उगम कुठे? बायबलातली बाबेलच्या मनोऱ्याची कथा फार तर भाषा वेगळ्या का झाल्या ते सांगते, नीतिनियम वेगळे का झाले ते सांगत नाही. त्याच्या मते परमदेव सर्वांचा पिता खराच, पण एकेका लोकसमूहाची राखण एकेका देवाकडे आहे आणि त्या देवाचा स्वभाव त्या लोकांत उतरतो. गावाचं ग्रामदैवत असतं तसंच हे, फक्त अख्ख्या जनसमूहांच्या मापाचं.

मग तो अडचणीचा प्रश्न विचारतो. ज्यूंच्या मोशेचा देव साऱ्या विश्वाचा असेल, तर त्याने हजारो वर्षं एकाच लहानशा लोकसमूहाकडे संदेष्टे का पाठवले? तो त्या लोकांचं दैवत असेल तर गोष्ट सरळ आहे, त्याचाही मान राखू. पण तो सर्वांचा असेल तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?

ख्रिस्ती पंडितांचं यावरचं उत्तर इतिहासाच्या अंगाने जातं. देव माणसाला टप्प्याटप्प्याने शिकवतो. आधी एका घराला, मग त्या घराकडून जगाला. हे उत्तर पटो न पटो, ज्युलियनच्या मांडणीचा धोका मात्र डोळ्यांआड करता येत नाही. प्रत्येक जनसमूहाचा स्वभाव त्याच्या देवानेच ठरवला असेल, तर माणसं आपापल्या स्वभावात जन्माची कोंडली जातात. कोणी लढवय्ये, कोणी हिशेबी, आणि त्यात बदलाला वाव नाही. शिवाय वर 'सर्वांचा पिता' आहेच. दरबार इथेही पुरता मोडलेला नाही.

वाटा अनेक

तिसरी मांडणी सर्वांत प्रसिद्ध आहे आणि आपल्या कानांना सर्वांत गोड लागणारीही. रोमच्या सिनेटगृहात विजयादेवीची वेदी होती. ती ऑगस्टसच्या काळापासूनची. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने ती हलवली. ३८४ मध्ये रोम शहराचा प्रमुख अधिकारी सिमॅकस याने बालसम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनकडे वेदी परत बसवण्यासाठी अर्ज केला. त्याचा आशय असा, की आपण सारे एकाच आकाशाखाली राहतो, तेच तारे पाहतो. मग सत्याचा शोध कोण कोणत्या मार्गाने घेतो याने काय बिघडतं? एवढं मोठं गूढ एकाच वाटेने गाठता येण्यासारखं नाही.

मिलानच्या बिशप अँब्रोजने याला दिलेलं उत्तर रोखठोक होतं. तुम्ही जे चाचपडत शोधता, ते आम्हाला देवाने स्वतः सांगितलं आहे. अर्ज फेटाळला गेला.

सिमॅकसचा अर्ज सहिष्णुतेची कैफियत म्हणून आजही वाचनीय आहे. पण आपल्या प्रश्नापुरतं पाहिलं तर त्यात वाटा अनेक आहेत आणि मुक्काम एकच. देव अनेक आहेत असं तो कुठे सिद्ध करत नाही. माणसाची समज अपुरी आहे, एवढंच सांगतो. अँब्रोजसारखा माणूस 'माझी समज अपुरी नाही, मला सांगितलं गेलं आहे' असं म्हणतो, तेव्हा त्याच्यापुढे हा युक्तिवाद थांबतो.

म्हणजे तिन्ही मांडण्यांत एक गोष्ट समान आहे. कुठेतरी वर, मागे किंवा शेवटी एक बसलेला आहे आणि अनेकांना त्याच्याकडून परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी ज्याने मागितली नाही, तो तत्त्वज्ञ पुढच्या शतकात अथेन्समध्ये झाला.

दिंडी आणि वारकरी

प्रोक्लस ४१२ मध्ये जन्मला आणि ४८५ मध्ये वारला. प्लेटोच्या परंपरेतल्या अथेन्सच्या विद्यापीठाचा तो जवळजवळ पन्नास वर्षं प्रमुख होता. तोवर यज्ञबळींवर बंदी आली होती आणि देवळं बंद पडत होती. मारिनस या शिष्याने त्याचं चरित्र लिहिलं आहे. त्यात तो सांगतो की गुरुजी ग्रीकांचेच नव्हे तर गाझा, अरबस्तान, इजिप्त अशा ठिकाणच्या देवांचेही उत्सव पाळत आणि स्तोत्रं रचत. तत्त्वज्ञाने एका गावाचा पुजारी असून चालत नाही, त्याने साऱ्या जगाचा पुजारी असावं, असं त्यांचं मत होतं. पार्थेनॉनमधली अथेनाची मूर्ती हलवली गेली तेव्हा त्यांना स्वप्न पडलं की अथेन्सची देवी आता तुमच्या घरी राहायला येणार आहे.

असा हा भाविक माणूस ग्रंथ लिहितो मात्र भूमितीच्या शिस्तीने. युक्लिडवर त्याने भाष्य केलं होतं आणि तीच पद्धत त्याने देवशास्त्राला लावली. 'देवशास्त्राची मूलतत्त्वं' या त्याच्या ग्रंथात २११ विधानं आहेत आणि प्रत्येकाखाली सिद्धता.

पहिलंच विधान असं, की प्रत्येक अनेकात कुठल्या ना कुठल्या प्रकारे एकपणा असतो. सिद्धता आपल्या दाखल्याने पाहू. पंढरीला निघालेली एक दिंडी घ्या. दिंडी एक आहे आणि तिच्यातला प्रत्येक वारकरीही एक आहे. आता दोन्हीकडचा एकपणा काढून घ्या. दिंडी 'एक' राहिली नाही, म्हणजे ती दिंडीच राहिली नाही. वारकरी 'एक' राहिला नाही, म्हणजे तो पुन्हा अनेकांचा ढीग झाला, त्या ढिगातला प्रत्येक तुकडा पुन्हा ढीग, आणि याला शेवटच नाही. हाती धरावं असं काहीच उरलं नाही. म्हणून एकपणा आधी, अनेकपणा नंतर.

एकेश्वरवादी इथे खूश होईल. 'पाहा, एक आधी!' प्रोक्लस पुढची पायरी उतरतो आणि तिथे पेच पडतो. हा जो एकपणा आहे, तो स्वतः एक *वस्तू* आहे का? तसं असेल तर त्याच्याविषयी दोन गोष्टी सांगाव्या लागतील: तो आहे, आणि तो एक आहे. म्हणजे त्यात असणं आणि एकपणा असं दोन झालं. मग त्या दोघांना एकत्र धरणारा आणखी एकपणा लागेल. ही अडचण प्लेटोच्या 'पार्मेनिडीस' या संवादातून आलेली आहे. प्रोक्लसचा निष्कर्ष असा, की मूळ एकपणाला 'आहे' असंही म्हणता येत नाही. तो वस्तूंच्या यादीत बसत नाही. त्याला मोजता येणार नाही.

मग मोजता येण्याजोगे पहिले कोण? ज्यांच्यात एकपणाखेरीज दुसरी भेसळ नाही असे 'एक'. ग्रीकमध्ये त्यांना हेनाड म्हणतात, मराठीत 'एकक' म्हणू. आणि मग प्रोक्लस शांतपणे ११४वं विधान मांडतो, की प्रत्येक देव हा एक स्वयंपूर्ण एकक आहे आणि प्रत्येक स्वयंपूर्ण एकक हा देव आहे.

विशेषनाम आणि भाववाचक नाम

इथे शाळेतलं व्याकरण कामाला येतं. नामाचे तीन प्रकार आपण शिकलो: सामान्यनाम, विशेषनाम आणि भाववाचक नाम. 'नदी' हे सामान्यनाम, 'गोदावरी' हे विशेषनाम, 'गोडी' हे भाववाचक नाम. साखर, गूळ, मध आणि गोडी, असे चार गोड पदार्थ आहेत असं कोणी म्हणत नाही. गोडी हा पदार्थ नाही, ती पदार्थांत असते.

प्रोक्लसचा 'एक' कसा वाचावा याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुष्कळ जण त्याला जिन्याच्या टोकावरची सर्वोच्च पायरी मानतात, देवांच्याही वरची. एडवर्ड बटलर हा आजचा अमेरिकी अभ्यासक वेगळं वाचन करतो. त्याच्या मते प्रोक्लसच्या विचारात देवांहून निराळा 'एक' नावाचा कोणी नाहीच. एकपणा म्हणजे प्रत्येक देवाचं आपलं स्वतःचं, दुसऱ्या कशात न विरघळणारं असणं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर 'एक' हे इथे भाववाचक नाम आहे, देवांची नावं तेवढी विशेषनामं. यास्काच्या दाखल्यापाशी आपण सोडलेला प्रश्न इथे जुळतो. राष्ट्र हे माणसांच्या शेजारी बसलेलं आणखी एक माणूस नसतं.

या वाचनाने काय साधतं ते पाहायला घरचंच उदाहरण घेऊ. तुमच्या आईचं वर्णन करा. शिक्षिका, साठीच्या पुढची, सांगलीची, चहा बिनसाखरेचा. यातलं प्रत्येक विशेषण दुसऱ्या कोणालाही लागू पडेल, आणि सगळी मिळूनही लागू पडणारी दुसरी बाई सापडू शकेल. तरी ती तुमची आई नाही. वर्णनांची बेरीज करून आई तयार होत नाही. आई आधी, वर्णनं मागाहून. प्रोक्लसचे देव असे आहेत, केवळ हाक मारण्याजोगे. अथेना 'शहाणपणाची देवता' या खात्यावर नेमलेली अधिकारी नव्हे. अथेना आधी आहे, आणि शहाणपण म्हणजे काय ते तिच्याकडून कळतं.

यातूनच त्याचं आणखी एक विधान निघतं. सर्व काही प्रत्येकात आहे, पण प्रत्येकात त्याच्या पद्धतीने. देवांपैकी एकाकडे पाऊस, दुसऱ्याकडे विद्या, तिसऱ्याकडे पैसा अशी वाटणी मुळात नाही. प्रत्येक देवाच्या ठायी सगळं जग आहे आणि बाकीचे देवही आहेत, त्याच्या त्याच्या रंगात.

आता तबकातली मांडणी पुन्हा पाहावी. शाळिग्राम मध्ये असतो तेव्हा बाण त्याच्या भोवती असतो. बाण मध्ये असतो तेव्हा शाळिग्राम त्याच्या भोवती. दोन्ही मांडण्या पुऱ्या आहेत आणि त्या दोहोंच्या वर सहावा असा कोणी ठेवायला जागा नाही. अद्वैती स्मार्त याचा उलगडा वेगळा करतील, पाचही एकाच निर्गुण ब्रह्माची रूपं म्हणतील. ते त्यांच्या दर्शनाप्रमाणे बरोबरच आहे. पण प्रोक्लसला हे तबक दाखवलं असतं तर त्याला आपल्या विधानाची आकृती मांडलेली दिसली असती.

उलट बाजूचे तीन घाव

या मांडणीची खरी परीक्षा एकेश्वरवादाच्या सर्वांत पक्क्या युक्तिवादांपुढे होते. ते पुढच्या शतकांतले आहेत आणि प्रोक्लसला उद्देशून लिहिलेले नाहीत. तरी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला इब्न सीनाचा. हा ९८० ते १०३७ या काळातला तत्त्वज्ञ आणि वैद्य. तो म्हणतो, ज्याचं असणं अटळ आहे असे दोन मानून पाहा. अटळपणा दोघांत समान. मग ते दोन कशाने? काहीतरी वेगळं असेल म्हणूनच. म्हणजे प्रत्येकात एक समान भाग आणि एक वेगळा भाग झाला. जो भागांचा बनलेला आहे तो भागांवर अवलंबून, आणि जो अवलंबून तो अटळ नव्हे. म्हणून दोन असूच शकत नाहीत. आठव्या शतकात दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती पंडितानेही याच वळणाचा विचार मांडला होता.

अनेकदेववादी याला उत्तर देईल ते एककांच्या आधारे. 'समान अधिक वेगळं' हा हिशेब वस्तूंचा आहे. दोन आंबे आंबेपणाने समान आणि आकाराने वेगळे. पण एकक समान गुणात भर घालून बनलेलाच नाही. 'देव' हे सामान्यनाम आपण मागाहून लावलं. त्या नावाचा एखादा साचा आधी होता आणि त्यातून देव पडले, असं नाही. हे उत्तर भक्कम आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. साच्यातच बसत नाहीत अशांना 'अनेक' तरी कसं म्हणायचं, असं इब्न सीना उलट विचारील. मोजायला काहीतरी समान लागतंच ना? हा पेच पुरता सुटलेला नाही.

दुसरा युक्तिवाद इस्लामी कलामशास्त्रातला, परस्पर अडवणुकीचा. दोन सर्वशक्तिमान मानले आणि एकाला एखादी वस्तू हलवायची असेल, दुसऱ्याला स्थिर ठेवायची असेल, तर काय होईल? दोघांचंही एकाच वेळी होणार नाही. एकाचं झालं तर दुसरा सर्वशक्तिमान नाही. जग सुरळीत चाललं आहे, त्या अर्थी हात एकच आहे.

यावर दोन वाटा आहेत. प्रोक्लसची वाट अशी, की देव एका पाटावर बसलेले प्रतिस्पर्धी खेळाडू नाहीत. प्रत्येकाच्या ठायी बाकीचे असतात, म्हणून अडवणूक उद्भवतच नाही. दुसरी वाट सर्वशक्तिमत्ता सोडून देण्याची. ती आधुनिक काळात अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने विचारात घेतली. १९०२च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पुरवणीत आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत तो मर्यादित सामर्थ्याच्या दैवी शक्तींची शक्यता खुली ठेवतो. तिचा फायदा उघड आहे. सर्वशक्तिमान आणि सर्वथा चांगला देव असताना लेकरं तापाने का मरतात, हा प्रश्न एकेश्वरवादाला जितका जाचतो तितका इथे जाचत नाही. मात्र ज्याचा हात अपुरा पडू शकतो त्याच्यावर सगळा भार टाकायचा का, हा प्रश्न भक्तापुढे उभा राहतो.

तिसरा युक्तिवाद आपल्या नैयायिकांच्या ओळखीचा, लाघवाचा. एका कर्त्याने काम भागत असेल तर अनेक कशाला? याला आठव्या शतकातल्या शांतरक्षिताने 'तत्त्वसंग्रहा'त दिलेलं उत्तर अजूनही ताजं वाटतं. वाडे, पायऱ्या, वेशी, बुरूज हे अनेक कारागिरांनी बांधलेले आपण डोळ्यांनी पाहतो. मग घडवलेल्या जगावरून *एकच* घडवणारा कसा निघतो? १७७९ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या संवादांत स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जहाज आणि घर बांधणाऱ्यांचं उदाहरण देऊन हेच विचारलं. दोघांनाही अनेक देव सिद्ध करायचे नव्हते. एक बौद्ध, दुसरा संशयवादी. सृष्टीची रचना पाहून आकडा ठरत नाही, एवढंच त्यांनी दाखवलं. पण त्यामुळे 'एक' हे उत्तर आपोआप सोपं ठरत नाही, हे अनेकदेववाद्याच्या पदरात पडतं.

प्रोक्लसच्या मांडणीचा सर्वांत कच्चा दुवा या तीन युक्तिवादांनी दाखवलेला नाही. तो तिच्या आतच आहे. 'स्वयंपूर्ण एकक' या कोरड्या विधानापासून अथेना, हर्मीस अशा गाभाऱ्यातल्या देवांपर्यंत पोहोचायचं कसं? 'प्लेटोचं देवशास्त्र' या भल्यामोठ्या ग्रंथात त्याने एकेका देवाची जागा लावण्याची खटपट केली. ती ज्याला आधीच त्या देवांची ओढ आहे त्याला पटते, इतरांना ओढूनताणून केलेली वाटते. तर्काने दरवाजा उघडा राहतो. आत कोण आहे हे परंपरा आणि उपासना सांगते. एकेश्वरवाद्याचीही गत यापेक्षा निराळी नाही, कारण इब्न सीनाच्या अटळ एकापासून प्रार्थना ऐकणाऱ्या देवापर्यंतही तेवढीच मोठी उडी आहे.

देव गाळलेलं पुस्तक

५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन थांबलं. प्रोक्लसचा विचार मात्र थांबला नाही, आणि तो टिकला तो चक्क एकेश्वरवाद्यांच्या घरी.

५००च्या आसपास एका ख्रिस्ती लेखकाने, संत पौलाचा शिष्य डायोनिशियस असं नाव घेऊन, काही ग्रंथ लिहिले. त्यांत प्रोक्लसचा जिना जवळजवळ सगळ्या पायऱ्यांसह आला आहे. बदल एकच, पण मुळावर घाव घालणारा. जिथे प्रोक्लसचे अनेक देव होते तिथे आता एकाच देवाची अनेक नामं आली. त्यातल्या एका ग्रंथाचं शीर्षकच 'दैवी नामांविषयी' असं आहे.

दुसऱ्या वाटेने 'देवशास्त्राची मूलतत्त्वं' अरबीत गेली. नवव्या शतकात त्यातून निवडक विधानं घेऊन एक छोटं पुस्तक तयार झालं. त्यात कारणांची उतरंड ठेवली, देवांची अनेक एककं गाळली आणि वर एक निर्माता ठेवला. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचं लॅटिन भाषांतर केलं. ते ॲरिस्टॉटलचं समजून १२५५ मध्ये पॅरिसच्या विद्यापीठाने अभ्यासक्रमात लावलं. १२६८ मध्ये मोअर्बेकेच्या विल्यमने प्रोक्लसचा मूळ ग्रंथ ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणला. टॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने दोन्ही समोर ठेवली आणि १२७२च्या सुमारास लिहिलेल्या भाष्यात दाखवून दिलं की हे पुस्तक प्रोक्लसवरून बेतलेलं आहे. एका मूर्तिपूजकाची विधानं ख्रिस्ती विद्यार्थी काही दशकं ॲरिस्टॉटलची म्हणून घोकत होते.

ही गंमत एवढ्यासाठी सांगितली, की दोन्ही बाजूंचा सांगाडा एकच आहे. त्यातलं 'एक' हे पद विशेषनाम म्हणून वाचलं तर एकेश्वरवाद होतो, भाववाचक म्हणून वाचलं तर अनेक देवांना जागा राहते.

'देव एक, नावं अनेक' हे आपलं उत्तर डायोनिशियसकडून आलेलं नाही. त्याची मुळं ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या दीर्घतमसाच्या सूक्तापर्यंत जातात. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला आणि एकेश्वरी उपासनेचा आग्रह धरला गेला, तेव्हा ते उत्तर सुशिक्षित घरांत आणखी घट्ट बसलं असेल. पण ते एक उत्तर आहे, एकमेव नव्हे. आणि ते देताना देवांची नावं नावंच उरतात, ती कोणाची म्हणून उरत नाहीत.

पाहुणा पुन्हा आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तर आकडा सांगायची घाई नको. त्यालाच विचारावं, तुम्ही 'एक' म्हणता ते गोदावरीसारखं की गोडीसारखं? तो काय म्हणतो ते ऐकेपर्यंत तबकातल्या पाच देवांना पाणी घालून होईल.